गोव्यातील कंपनीचे सर्व्हर कुठे ठेवावेत : कोलोकेशन डेटा सेंटर निवडणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे वीजवाहिन्यांवर कोसळली आणि राज्याच्या अनेक भागांतील वीज दीर्घकाळ गेली. मी त्या वेळी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीचा संगणक विभाग सांभाळत होतो. आमच्या सर्व्हरच्या खोलीत यूपीएस होता, आवारात जनरेटर होता आणि कागदोपत्री सारे व्यवस्थित होते. परंतु जनरेटरच्या टाकीत आठ तासांचेच डिझेल मावत होते आणि डिझेल आणणारी गाडी रस्त्यात आडव्या पडलेल्या झाडांपलीकडे अडकली. खोलीचे तापमान चढू लागल्यावर यंत्रे जळण्यापेक्षा बंद झालेली बरी, असा निर्णय घेऊन आम्ही एकेक सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केला. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही सर्व्हर कोलोकेशन डेटा सेंटरमध्ये हलवले, आणि ते करताना ज्या गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर पुष्कळ पैसा व मनस्ताप वाचला असता, त्या येथे क्रमाने मांडत आहे.

कोलोकेशन म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घ्यावे. सर्व्हर, स्टोरेज (माहिती साठवणारे यंत्र), स्विच (नेटवर्कमधील यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) आणि फायरवॉल (बाहेरच्या घुसखोरीला अडवणारे यंत्र) तुमच्या मालकीचे असतात. ते ठेवण्याची रॅक, अखंड वीज, थंड हवा, पहारा आणि इंटरनेट कंपन्यांच्या फायबरपर्यंत पोहोचण्याची सोय डेटा सेंटर भाड्याने देते. क्लाउडमध्ये यंत्रही दुसऱ्याचे असते आणि ते बिघडले तर बदलण्याची जबाबदारीही त्याचीच असते. कोलोकेशनमध्ये हार्ड डिस्क बिघडली तर ती तुमची बिघडते. हा फरक ज्यांच्या ध्यानात राहत नाही, त्यांचा पुढे हमखास अपेक्षाभंग होतो. ज्या कंपनीकडे दोन-तीनच जुने सर्व्हर आहेत आणि त्यांवर विशेष काही अवजड चालत नाही, तिने कोलोकेशनचा विचार बाजूला ठेवून क्लाउडचाच हिशेब करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे नुकतीच खरेदी केलेली यंत्रे आहेत, यंत्राला बांधलेले सॉफ्टवेअर परवाने आहेत किंवा कित्येक टेराबाइटचा साठा रोज वापरात आहे, त्यांना कोलोकेशन परवडते.

आधी स्वतःचे मोजमाप

डेटा सेंटरच्या विक्री प्रतिनिधीला दूरध्वनी करण्यापूर्वी आपली गरज तीन आकड्यांत लिहून ठेवावी : जागा किती, वीज किती आणि किती वेळ बंद राहिलेले चालेल.

जागा ‘यू’ या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची, आणि नेहमीची पूर्ण रॅक ४२ यूची असते. समजा, तुमच्याकडे प्रत्येकी दोन यूचे सहा सर्व्हर, चार यूचे स्टोरेज, एकेक यूचे दोन स्विच आणि दोन फायरवॉल आहेत. हे झाले वीस यू. केबल नीट बांधण्यासाठी आणखी दोन यू धरले, की बावीस होतात, म्हणजे २१ यूच्या अर्ध्या रॅकमध्ये ते बसत नाहीत. अर्ध्या रॅकचे दरपत्रक पाहून व्यवस्थापनाकडून मंजुरी घेतली आणि नंतर पूर्ण रॅक घ्यावी लागली, अशी वेळ या एका यूमुळे येते. शिवाय सर्व्हरची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतची लांबी, आणि सर्व्हर रॅकला जोडणाऱ्या रेल यांचेही माप घ्यावे.

विजेचा आकडा अधिक महत्त्वाचा आहे, कारण डेटा सेंटर प्रत्यक्षात जागेपेक्षा वीज आणि थंडावाच विकत असते. सर्व्हरच्या मागे पाटीवर लिहिलेले वॅट हे त्याच्या पॉवर सप्लायची कमाल क्षमता असते. प्रत्यक्ष वापर बराच कमी असू शकतो. म्हणून आपल्या यूपीएसवरील भार किंवा सर्व्हरच्या आयड्रॅक, आयलो अशा नियंत्रण पटलावरील नोंद किमान महिनाभर पाहावी, आणि त्यात महिनाअखेरचे हिशेबाचे दिवस व रात्रीच्या बॅकअपची वेळ येईल याची काळजी घ्यावी. वरच्या उदाहरणात सर्व्हर सरासरी ३५० वॅट, स्टोरेज ६०० वॅट, स्विच प्रत्येकी १५० आणि फायरवॉल प्रत्येकी १०० वॅट घेत असतील, तर एकूण भार ३,२०० वॅट, म्हणजे ३.२ किलोवॅट होतो.

आता या आकड्याचा खरा उपयोग पाहू. चांगल्या डेटा सेंटरमध्ये प्रत्येक रॅकला ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन स्वतंत्र वीजपुरवठे येतात, आणि सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय एकेका पुरवठ्याला जोडलेले असतात. एरवी प्रत्येक बाजूवर निम्मा, म्हणजे १.६ किलोवॅट भार असतो. त्यामुळे १६ अँपिअरची जोडणी पुरेशी आहे, असे वाटते. पण एक बाजू बंद पडली, की सगळा ३.२ किलोवॅट दुसऱ्या बाजूवर येतो. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॅट. त्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच अखंड भार टाकावा असा नेम आहे, म्हणजे सुमारे २,९४० वॅट. तुमचा भार त्याहून जास्त आहे. ज्या क्षणासाठी दुसरी बाजू घेतली, नेमक्या त्याच क्षणी तिचा ब्रेकर पडण्याची शक्यता आहे. म्हणून येथे ३२ अँपिअरच्या दोन जोडण्या मागाव्या लागतात. हा हिशेब कोणी विक्रेता आपणहून करून देत नाही, तो आपणच करावा.

तिसरा आकडा व्यवस्थापनाकडून घ्यायचा. संगणक विभागाने तो परस्पर ठरवू नये. ‘यंत्रणा किती वेळ बंद राहिली तर चालेल’ असे विचारले, की ‘एक मिनिटही नाही’ असेच उत्तर येते. त्याऐवजी प्रश्न असा विचारावा : शनिवारी सकाळी दहाला यंत्रणा बंद पडली आणि संध्याकाळी सहाला सुरू झाली, तर कोणते काम अडेल आणि किती रुपयांचे? औषध कारखान्यात उत्पादनाच्या बॅचची नोंद अडेल, हॉटेलात पाहुण्यांची आवक-जावक अडेल, तर एखाद्या बांधकाम कंपनीत काही विशेष अडणार नाही. या उत्तरावरच पुढचा सारा खर्च अवलंबून असतो.

काय हलवावे आणि काय गोव्यातच ठेवावे

पणजीहून मुंबई किंवा बेंगळूरु रस्त्याने साडेपाचशे ते सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सहाशे किलोमीटर जाऊन परत येण्यास निदान सहा मिलिसेकंद लागतात. फायबर सरळ रेषेत जात नाही आणि मध्ये अनेक उपकरणे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या तिप्पट वेळ लागला तरी आश्चर्य वाटू नये. वेबसाठी किंवा ईमेलसाठी हा विलंब नगण्य आहे. पण आपल्याकडच्या अनेक कंपन्यांत हिशेबाचे किंवा मालसाठ्याचे जुने सॉफ्टवेअर असे चालते, की ते कर्मचाऱ्याच्या संगणकावर असते आणि डेटाबेस सर्व्हरवर. एक पडदा उघडण्यासाठी असे सॉफ्टवेअर डेटाबेसला चारशे छोटे प्रश्न एकामागून एक विचारत असेल, तर कार्यालयातील नेटवर्कवर ते पाव सेकंदात होते; प्रत्येक प्रश्नाला वीस मिलिसेकंद लागू लागले, की त्याच पडद्याला आठ सेकंद लागतात. इंटरनेटचा वेग दुप्पट केला तरी हे आठ सेकंद कमी होत नाहीत, कारण ही अडचण अंतराची आहे, रुंदीची नाही. यावर उपाय आहे : सॉफ्टवेअर आणि डेटाबेस दोन्ही डेटा सेंटरमध्येच ठेवून कर्मचाऱ्यांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे तेथील सर्व्हरचा पडदा आपल्या संगणकावर उघडून, तेथे काम करणे. पण त्याचे परवाने आणि सर्व्हरची क्षमता आधीच हिशेबात धरावी लागते. करार करण्यापूर्वी आपल्याच नेटवर्कवर कृत्रिमरीत्या वीस मिलिसेकंदांचा विलंब घालून लेखा विभागाला दोन दिवस काम करू द्यावे. ही चाचणी फुकट आहे.

काही गोष्टी मात्र हलवूच नयेत. कारखान्यातील यंत्रांचे नियंत्रण, सीसीटीव्हीचे चित्रमुद्रण, हॉटेलातील खोल्यांच्या कुलपांची आणि दूरध्वनीची यंत्रणा ही जागेवरच हवी, कारण बाहेरची लिंक तुटली तरी ती चालली पाहिजे. त्यांच्यासाठी जी लहान सर्व्हर खोली उरते, तिच्याकडेही दुर्लक्ष नको. समुद्रकाठच्या हवेतील क्षार आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे सर्किट बोर्डावरचे तांबे व चांदी गंजते. खिडकी उघडी ठेवून बाहेरची हवा आत घेणे हे आपल्याकडे सर्व्हरचे आयुष्य घटवणारे आहे.

शहर ठरवताना पावसाचा विचार

देशातील डेटा सेंटरांची सर्वांत मोठी दाटी मुंबई आणि नवी मुंबईत आहे. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल मुंबईत उतरतात, बहुतेक सर्व इंटरनेट कंपन्या तेथे आहेत, आणि महापे, ऐरोली, रबाळे, पनवेल या भागांत निवडीला भरपूर वाव आहे. गोव्यातून मुंबईला विमानाने तासाभरात, किंवा कोकणकन्या एक्सप्रेसने रात्रीत पोहोचता येते. म्हणून मुख्य यंत्रणा तेथे ठेवणे बहुतेक कंपन्यांना सोयीचे पडते.

पण मुंबई आणि गोवा एकाच किनाऱ्यावर आहेत, हे विसरू नये. तौक्ते १५ आणि १६ मे रोजी गोव्याजवळून गेले आणि १७ मे रोजी मुंबईजवळून. ज्यांची मुख्य यंत्रणा मुंबईत आणि तिची प्रत गोव्यातील कार्यालयात असेल, त्यांच्या दोन्ही जागा एकाच आठवड्यात एकाच संकटाच्या तोंडी येतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हा त्या परिसरातील कोणतीही इमारत घेताना तळमजल्याची पातळी आणि त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, हे विचारावेच. प्रत किंवा पर्यायी यंत्रणा घाटापलीकडे, बेंगळूरु किंवा हैदराबादला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६च्या आवृत्तीनुसार गोवा, मुंबई, पुणे आणि चेन्नई तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येतात, तर बेंगळूरु आणि हैदराबाद दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात येतात. चेन्नईने डिसेंबर २०१५चा पूर आणि पुढच्याच वर्षीचे वर्दा चक्रीवादळ सोसले आहे, तेही ध्यानात ठेवावे.

एकाच आवारातील दोन इमारतींना दोन जागा समजू नये. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच क्लाउडच्या आवारात आग लागून एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचाही भाग गेला. ज्या ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, त्यांतील अनेकांची माहिती परत मिळाली नाही.

गोव्यातून बाहेर पडणारी लिंक

उत्तम डेटा सेंटर घेतले आणि तेथवर पोहोचणारी वाटच तुटली, तर उपयोग शून्य. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेतल्या म्हणजे दोन वेगळ्या वाटा झाल्या, असे समजणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती मीही केली आहे. आमच्या दोन्ही लिंक एकाच दुपारी, एकाच खोदकामात तुटल्या. चौकशीअंती समजले, की दुसऱ्या कंपनीने पहिलीच्याच नळीतील फायबर भाड्याने घेतले होते.

म्हणून दोन्ही पुरवठादारांकडे मार्गाचा नकाशा लेखी मागावा आणि दोन नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत. आपल्या इमारतीत दोन्ही केबल वेगवेगळ्या बाजूंनी शिरतात का? विजेच्या खांबांवरून लोंबकळत येतात, की जमिनीखालून? सासष्टीतून किंवा मुरगावातून पणजीकडे जाताना जुवारी नदी कुठल्या पुलावरून ओलांडतात? आणि राज्याबाहेर जाताना दोन्ही कोकणातून उत्तरेकडे जातात, की त्यांतील एक घाट चढून बेळगावकडे जाते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘एक कोकणातून, एक घाटातून’ असे मिळाले, तर थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी ती जोडी सोडू नये. तिसरा आधार म्हणून मोबाइल नेटवर्कवरची लहान जोडणी ठेवावी. तिच्यावर सगळे काम चालणार नाही, पण संगणक विभागाला दुरून सर्व्हरपर्यंत पोहोचता येईल.

डेटा सेंटरच्या बाजूने एकच प्रश्न निर्णायक आहे : येथे किती फायबर कंपन्या प्रत्यक्ष आत पोहोचलेल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाचीही सेवा घेण्याची मुभा आहे का? काही ठिकाणी डेटा सेंटर चालवणाऱ्याचेच इंटरनेट घ्यावे लागते. तसे असेल तर पुढे दर वाढले तरी तुम्हाला बोलता येत नाही. तुमची रॅक आणि फायबर कंपनीचे उपकरण यांना जोडणाऱ्या केबलला क्रॉस कनेक्ट म्हणतात, आणि तिचे दरमहा भाडे असते. ते दरपत्रकात पाहावे.

टियर, टक्के आणि प्रमाणपत्रे

अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था डेटा सेंटरांना एक ते चार टियर, म्हणजे श्रेणी, देते. व्यवहारात महत्त्वाचा फरक एवढाच आहे, की तिसऱ्या टियरमध्ये कोणताही भाग देखभालीसाठी काढला तरी तुमचा पुरवठा चालू राहतो, आणि चौथ्या टियरमध्ये एखादा भाग अचानक बिघडला तरी चालू राहतो. गोव्यातील बहुतेक कंपन्यांना तिसरा टियर पुरेसा आहे. मात्र माहितीपत्रकात ‘टियर थ्री दर्जाचे’ असे लिहिलेले असणे आणि प्रमाणपत्र असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. केवळ आराखड्याला दिलेले प्रमाणपत्र वेगळे आणि बांधून झालेल्या इमारतीची प्रत्यक्ष चाचणी घेऊन दिलेले प्रमाणपत्र वेगळे असते. दुसरे मागावे, आणि संस्थेच्या संकेतस्थळावरील यादीत त्या इमारतीचे नाव पडताळून पाहावे. टियरसोबत सांगितल्या जाणाऱ्या ९९.९८२ टक्के उपलब्धतेचा अर्थ वर्षाला सुमारे दीड तास बंद, आणि ९९.९९५ टक्क्यांचा अर्थ सुमारे २६ मिनिटे असा होतो. ९९.९ टक्के हे ऐकायला तसेच वाटते, पण ते पावणेनऊ तास असतात.

प्रत्यक्ष भेट

ही पायरी टाळू नये आणि ती दूरदृश्य बैठकीवर भागवू नये. जमल्यास जुलैमध्ये, भर पावसात जावे. छताची, गटारांची आणि जनरेटरच्या चौथऱ्याची परीक्षा त्याच दिवसांत होते.

आत गेल्यावर चकचकीत स्वागतकक्षापेक्षा मागची बाजू पाहण्याचा आग्रह धरावा. जनरेटर किती आहेत, आणि एक बंद असला तर उरलेले पूर्ण भार घेतात का? पूर्ण भारावर किती तासांचे डिझेल आवारात साठवलेले आहे, आणि रस्ते बंद असताना पुढचे डिझेल कोण आणि कुठून आणणार? वेर्ण्यातील त्या दिवसामुळे असेल, पण मी हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो. जनरेटरची चाचणी रिकामी चालवून होते, की भार टाकून, याची नोंदवही मागावी. नुसते इंजिन सुरू होणे आणि तासभर भार पेलणे यांत मोठे अंतर आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसराची वीज गेली होती. त्या दिवशी या इमारतीत काय घडले, किती सेकंदांत जनरेटर भारावर आले आणि कोणत्या ग्राहकाला झळ बसली, हे मुंबईतील प्रत्येक डेटा सेंटरला विचारावे. चांगले व्यवस्थापक नोंदी काढून दाखवतात, आणि काही चुकले असेल तर तेही सांगतात. ज्यांच्याकडे कधीच काही बिघडलेले नसते, त्यांच्याबाबत मला अधिक काळजी वाटते.

बॅटऱ्यांची खोली पाहावी. त्या शिसे-आम्लाच्या आहेत की लिथियमच्या, त्यांचे वय किती, आणि त्या सर्व्हरच्या दालनापासून भिंतीने वेगळ्या केलेल्या आहेत का, हे विचारावे. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण कोरियातील पांग्यो येथील डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांच्या खोलीत लागलेल्या आगीने काकाओटॉक ही त्या देशातील सर्वाधिक वापरातली संदेशसेवा बंद पाडली होती. आग विझवण्यासाठी वायूची यंत्रणा असेल तर तिच्या तोट्यांना आवाज कमी करणारी जोड आहे का, हाही प्रश्न विचारावा, कारण वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क खराब झाल्याचे २०१६ मध्ये बुखारेस्टमधील आयएनजी बँकेत घडलेले आहे.

दालनात शिरल्यावर सर्व्हरच्या पुढच्या बाजूला हात धरून पाहावा आणि तापमापक कुठे लावला आहे ते विचारावे. अमेरिकेतील ॲश्रे या संस्थेच्या शिफारशीनुसार सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी. दालनाच्या दाराजवळचे तापमान दाखवून समाधान करू देऊ नये. रॅकमधील रिकाम्या जागा झाकपट्ट्यांनी बंद केलेल्या असाव्यात, नाहीतर मागची गरम हवा पुन्हा पुढे येते. आणि दालनात कुठे पुठ्ठ्याची खोकी रचलेली दिसली, तर ते व्यवस्थापन सैल असल्याचे लक्षण समजावे : पुठ्ठ्याची धूळ यंत्रांत जाते, आणि पुठ्ठा पेटतोही.

पहारा, बायोमेट्रिक दरवाजे, कॅमेरे बहुतेक ठिकाणी असतात. तुमच्या परवानगीशिवाय तुमची रॅक कोण उघडू शकतो, आणि त्याची नोंद तुम्हाला मिळते का, एवढे मात्र नेमके विचारावे.

कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ग्राहकांच्या माहितीची जबाबदारी, ती दुसऱ्याच्या इमारतीत ठेवली तरी, तुमच्या कंपनीवरच असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तेव्हा डेटा सेंटर तुम्हाला घटना किती वेळात कळवणार, हे करारात हवे. कंपनीच्या हिशेबवह्या संगणकावर असतील तर त्यांची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे २०२२ च्या दुरुस्तीपासून बंधनकारक आहे. कार्डाने पैसे घेणाऱ्या हॉटेलांनी आणि दुकानांनी पीसीआय डीएसएस या कार्डांच्या माहितीच्या सुरक्षेसाठीच्या मानकाची अट आपल्या लेखापरीक्षकाशी आधीच बोलून घ्यावी.

दरपत्रक आणि करार

दोन दरपत्रके समोर ठेवून मासिक भाड्याची तुलना करणे फसवे असते, कारण काही ठिकाणी वीज भाड्यातच धरलेली असते आणि काही ठिकाणी मीटरप्रमाणे लावतात. मीटरप्रमाणे असेल तर हिशेब असा : आपला ३.२ किलोवॅट भार महिन्याला ३.२ गुणिले २४ गुणिले ३०, म्हणजे २,३०४ युनिट होतो. त्यावर डेटा सेंटर थंडाव्याचा खर्च पीयूई या गुणकाने चढवते; इमारतीची एकूण वीज भागिले केवळ संगणक यंत्रांची वीज म्हणजे पीयूई. पीयूई १.५ असेल तर बिल ३,४५६ युनिटांचे होते, आणि १.८ असेल तर सुमारे ४,१४७ युनिटांचे. फरक दरमहा जवळजवळ सातशे युनिटांचा पडतो. हा गुणक करारात कायमचा ठरलेला आहे, की प्रत्यक्ष मोजून लावणार, आणि विजेचा दर वाढला तर वाढ कशी लागू होणार, हे लिहून घ्यावे. शिवाय तुम्ही राखून ठेवलेल्या क्षमतेचे पैसे वापर असो वा नसो द्यावे लागतात, म्हणून पुढच्या पाच वर्षांची वाढ आजच राखून ठेवू नये. वाढ लागेल तेव्हा त्याच दराने मिळेल, अशी अट घालावी.

सेवेची हमी मोडली तर किती भरपाई, याच्याआधी हमी कशाकशाला लागू नाही ते वाचावे. एकच पॉवर सप्लाय असलेले उपकरण सहसा हमीबाहेर असते. तुमचा एखादा जुना स्विच तसा असेल तर दोन्ही बाजूंवरून आपोआप वीज घेणारी बदलपेटी रॅकमध्ये बसवावी. भरपाई बहुधा पुढच्या बिलातील सवलतीच्या रूपात मिळते आणि तुमच्या नुकसानीशी तिचा काही संबंध नसतो. ती विमा नव्हे.

गोव्यातील कंपनीसाठी करारातील सर्वांत मोलाचे कलम माझ्या मते ‘रिमोट हँड्स’चे आहे, म्हणजे तुमच्या सांगण्यावरून त्यांचा तंत्रज्ञ तुमच्या रॅकपाशी जाऊन काम करतो ती सेवा. मुंबईतील कंपनीचा माणूस तासाभरात तेथे पोहोचतो. आपला माणूस जाणार तो विमान मिळाले तर, आणि चतुर्थीच्या दिवसांत कोकण रेल्वेचे तिकीट मिळणे किती अवघड असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांत निम्मा कर्मचारीवर्गही गावी असतो. म्हणून महिन्याला किती तास ही सेवा समाविष्ट आहे, रात्री आणि सुटीच्या दिवशी दर काय, किती मिनिटांत माणूस रॅकपाशी उभा राहील, आणि तो फक्त बटण दाबेल की डिस्क बदलून केबलही तपासेल, हे सारे स्पष्ट करून घ्यावे. दोन-चार डिस्क आणि एक पॉवर सप्लाय रॅकमध्येच राखीव ठेवावा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी आणि रॅकचा छायाचित्रांसह नकाशा असेल, तरच दूरध्वनीवरून मराठीत वा हिंदीत सांगितलेले काम तिकडे बिनचूक होते.

बाहेर पडण्याचे कलमही तितक्याच काळजीने पाहावे. किती वर्षे करार मोडता येत नाही, वाद झाला तर तुमची यंत्रे अडवून ठेवण्याचा हक्क त्यांना आहे का, आणि न्यायालयाचे क्षेत्र कोणते, हे कंपनीच्या वकिलाकडून वाचून घ्यावे.

हलवण्याचा दिवस

पावसाळा, चतुर्थी आणि मार्चअखेर टाळावी. पर्यटन व्यवसायातील कंपन्यांनी डिसेंबरही टाळावा. यंत्रे विकली जात नसली तरी राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला डिलिव्हरी चलान आणि ई-वे बिल लागते. लेखा विभागाला हे आठवडाभर आधी सांगावे, नाहीतर गाडी सीमेवर थांबते आणि तिच्यात तुमची सगळी कंपनी असते. वाहतुकीचा विमा यंत्रांच्या नव्या किमतीवर घ्यावा. निघण्यापूर्वीचा बॅकअप वेगळ्या गाडीने जावा आणि तो एखाद्या वेगळ्या यंत्रावर उघडून पाहिलेला असावा.

सर्व्हर चालू झाल्यावर, कर्मचाऱ्यांना कामाला लावण्यापूर्वी, डेटा सेंटरच्या तंत्रज्ञाला ‘ए’ बाजूचा ब्रेकर बंद करायला सांगावे आणि पाच मिनिटे काही हलत नाही ना ते पाहावे. मग ‘ए’ पूर्ववत चालू करून ‘बी’ बंद करून पाहावी. त्यानंतर गोव्यातील कार्यालयातून पहिली लिंक काढावी, आणि दुसरीवरून लेखा विभागाने एक चलान काढून दाखवावे. आमच्याकडे या चाचणीत एका स्टोरेजच्या दोन्ही केबल चुकून एकाच बाजूला लावल्याचे उघड झाले, आणि तो रविवार असल्यामुळे कोणाचे काही अडले नाही.